कॅसेट नंबर सात

शालिग्राम बाहेकर सरांच्या सेवापुस्तकात चौतीस वर्षांत लाल शाईची एकही ओळ पडली नव्हती, आणि ही गोष्ट सरांनी ज्याला सांगितली नाही असा माणूस उंद्रीत शोधून सापडला नसता. तो चिखलीहून आणावा लागला असता. निवृत्ती जवळ आली की मास्तर लोक वरचा मजला, मुलीचं लग्न नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन यांची काळजी करतात. सरांना काळजी एकच होती. दोन हजार पाच सालच्या तीस नोव्हेंबरला ते पुस्तक लाल शाईविना बंद व्हावं. पेन्शन काय, आज ना उद्या येतेच.

दसऱ्याच्या चार दिवस आधी शाळेचे लिपिक प्रेमबाबू स्टाफरूममध्ये आले आणि त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर सरांसमोर उघडं ठेवलं. प्रेमबाबूंचा स्वभाव वाईट नव्हता. पण वाईट बातमी सांगताना ते चहा मागवत, आणि आज चहा आधीच आला होता.

"सर, तुमच्या नावावर एक कॉम्प्युटर हाय."

"माझ्या नावावर? तो तर शाळेचा आहे."

"शाळेचाच हाय. पन हाय तुमच्या घरी."

हे खरं होतं. अठ्ठ्याऐंशी साली कोणत्याशा योजनेतून शाळेला तो कॉम्प्युटर मिळाला होता. आताच्यासारखा ऐसपैस नव्हे. पाटीएवढा काळा डबा, वर रबराची बटणं. त्याला पडदा नव्हता; तो टीव्हीला जोडायचा. आणि त्याचा प्रोग्राम असायचा साध्या गाण्याच्या कॅसेटमध्ये. टेपरेकॉर्डरला कॅसेट लावायची, टेपची वायर डब्यात खुपसायची, बटण दाबायचं. मग पाच मिनिटं टेपमधून किर्र-कुईं असा कानात सळई घातल्यासारखा आवाज येई, आणि तो आवाज ऐकून कॉम्प्युटर शहाणा होई. सर अमरावतीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते, त्यामुळे डब्याला हात लावायचा अधिकार फक्त त्यांना होता. मुलं हात मागे बांधून रांगेनं पाहत. ब्याण्णव साली प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं तेव्हा त्या वेळचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाहेकर, घरी नेऊन ठेवा," आणि सरांनी नेऊन ठेवला. त्या मुख्याध्यापकांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती, आणि तोंडी आदेश त्यांच्याबरोबरच गेला होता.

प्रेमबाबूंनी रजिस्टरवर बोट ठेवलं. "संगणक संच एक, टेपरेकॉर्डर एक, ध्वनिफिती बारा. शेरा, 'चालू स्थितीत'. म्हंजे चालू स्थितीतच जमा करा लागन, सर. शिक्षण खात्याचे साहेब येऊन पाहतीन. मंग ना-देय दाखला."

"आणि चालला नाही तर?"

"तर निर्लेखन करा लागन, म्हंजे मोडीत काढा लागन. त्याच्यासाठी कंपनीच्या मेकॅनिकचं पत्र पाहिजे, की यंत्र दुरुस्त होत नाही म्हनून."

"ती कंपनी एक्याण्णव साली बंद पडली."

"मंग कंपनी बंद पडली असं कंपनीचं पत्र पाहिजे," प्रेमबाबू म्हणाले आणि चहा प्यायले. "नाहीतर सेवापुस्तकात शेरा येते, सर. सरकारी मालमत्तेची हेळसांड. मी काई नाई करू शकत."

सर उठले ते तडक घरी गेले. माळ्यावरच्या ट्रंकेत, तीन गोधड्या आणि एका मोडक्या पाळण्याच्या खाली डबा होता. त्यांनी तो काढला, मखमली आवरण झटकलं, आणि आतून उंदराचं एक कुटुंब अत्यंत नाराज होऊन बाहेर पडलं. सौ. पुष्पाबाई खाली शिडी धरून उभ्या होत्या. त्यांनी शिडी सोडली. पुढचा अर्धा तास सर माळ्यावरच होते.

डबा लावून पाहायचा तर टीव्ही हवा. घरच्या रंगीत टीव्हीला पुष्पाबाई हात लावू देईनात, आणि तसाही त्या डब्याची वायर फक्त जुन्या ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीला बसे. तसा टीव्ही गल्लीत एकच उरला होता, शेजारच्या कौशल्याबाईंकडे. तो चालू होता, पण त्याच्यावर त्यांनी देव मांडले होते. "दिवाई झाल्याबिगर माहे देव हालत नाई," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा सरांनीच डबा, टेप, वायरी उचलून कौशल्याबाईंच्या देवघरात संसार मांडला. रोज संध्याकाळी चपला बाहेर काढून, हातपाय धुऊन सर कॉम्प्युटरसमोर मांडी घालत, आणि कौशल्याबाई समईत तेल घालता घालता सल्ला देत. "गरम करून पाहा." "उन्हात ठेवा." "माह्या भाच्याच्या मोबाईलचं असंच झालं होतं, त्यानं तांदयात ठेवला." सरांनी विज्ञान शिकवण्यात हयात घालवली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा तांदळात ठेवला.

चौथ्या दिवशी ते गुलाम रसूलकडे गेले.

गुलाम रसूलचं दुकान स्टँडसमोर. चाळीस वर्षं तो रेडिओ, टेप, लग्नाचे अँप्लिफायर दुरुस्त करत होता. लोक आता मोबाईल घेऊन येत आणि तो त्यांना परत पाठवी. म्हणे, ज्याच्यात खोलायला स्क्रू नाही ती वस्तू नाही, धोका आहे. त्यानं डबा उलटा केला, चारी स्क्रू पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"सर, हे चीज कुठं लपवून ठेवली होती तुमी?"

आठ दिवस लागले. अडाप्टर जळालेला होता, तो त्यानं नवा गुंडाळला. बटणांखालची पट्टी उंदरांनी कुरतडली होती, ती सांधली. एक अक्षर उठेना तर त्याच्यासाठी त्यानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवली. शेवटी कौशल्याबाईंच्या देवांच्या पायाशी पडदा पांढरा झाला आणि कोपऱ्यात काळा ठिपका लुकलुकू लागला, तेव्हा सरांनी हात जोडले. ते देवाला की डब्याला, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

आता फक्त कॅसेट लावायची. सरांनी पत्र्याच्या डब्यातून नंबर एकची कॅसेट काढली आणि सुरू केली. टेपमधून किर्र-कुईं आलं नाही. टाळ आले. पाठोपाठ पुष्पाबाईंचा आवाज आला.

नंबर दोनमध्ये महिला भजनी मंडळ होतं. तीन, चार, पाचमध्येही तेच, फक्त पेटी वेगळी. सहामध्ये पुतणीचं लग्न. नंबर अकरामध्ये सव्वा तास एक बाई पापडाचं प्रमाण सांगत होत्या. सर एकेक कॅसेट लावत गेले, कॉम्प्युटर भक्तिभावानं ऐकत गेला आणि प्रत्येक वेळी त्यानं इंग्रजीत कळवलं की टेप लोड होण्यात चूक आहे.

सर घरी गेले. संताप झाला की सरांची प्रमाण मराठी सुटे.

"तुले कोन सांगतलं होतं माह्या कॅसेटी भरायले?"

"तुमीच तर म्हनले, त्या कामाच्या नाहीत आता," पुष्पाबाई शांतपणे म्हणाल्या. "चांगल्या कंपनीच्या होत्या. वाया कायले घालवाच्या?"

"आन सात नंबर कुठं हाय? डब्यात अकराच हायेत."

पुष्पाबाईंना आठवलं. सात नंबर त्यांनी तीन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला लावली होती. ती एवढी कर्कश किंचाळली की दोन बायका वाण न घेताच उठल्या. कॅसेट बिघडली म्हणून त्यांनी ती गुलाम रसूलला देऊन टाकली.

म्हणजे सात नंबरवर भजन नव्हतं. सरांचा जीव भांड्यात पडला, आणि मग ते चपला शोधू लागले.

गुलाम रसूलनं कपाळावर हात मारला. "ते कॅसेट? ते तर कडूबानं नेली." मग त्यानं सांगितलं ते असं. कडूबा शेळके आपला अँप्लिफायर दुरुस्तीला घेऊन आला होता. तो बरोबर झाला की नाही हे पाहायला गुलाम रसूलनं हाताला लागली ती कॅसेट लावली आणि भोंगा रस्त्याकडे केला. तिच्यातून जो आवाज निघाला त्यानं स्टँडवरची झाडून सगळी गाढवं, बकऱ्या आणि एक वळू पाच मिनिटांत मेहकर रोडला लागले. कडूबा कॅसेटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चाचा, हे मले देता का?"

दुसऱ्या दिवशी सर सायकलवर कडूबाच्या वावरात गेले. दिवस मावळायला आला होता. सरांनी शाळेचीच विजार घातली होती, आणि शेताच्या धुऱ्यावरून जाता जाता कुसळांनी ती गुडघ्यापर्यंत भरून गेली. कपाशी छातीला लागत होती. खालची बोंडं फुटलेली, वरची हिरवी. आणि पलीकडच्या बांधावर, सरांकडे टक लावून, सात रोही उभे होते. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असल्यामुळे तिला कोणी मारत नाही आणि हे तिला चांगलं माहीत असतं. एका घोळक्याला एक एकर हिरवी बोंडं संपवायला एक रात्र पुरते.

तेवढ्यात माचाणावरून आवाज सुटला. आधी एकसुरी लांबलचक कुईं, मग किर्र-कर्र-खर्र. सरांनी सोळा वर्षांनी तो आवाज ऐकला आणि त्यांना ओळख पटली. ही दहावी 'ब'ची हजेरी होती. एकोणनव्वद साली त्यांनी स्वतः रात्रंदिवस बसून लिहिलेला तो एकमेव प्रोग्राम. बावन्न पोरांची नावं त्यात होती. रोह्यांनी माना वर केल्या, शेपट्या उचलल्या आणि ते नदीच्या दिशेनं जे पळाले ते दिसेनासे झाले. ज्या मास्तरांनी तो वर्ग शिकवला होता त्यांना यात काही नवल वाटलं नसतं.

माचाणावरून कडूबा उतरला. तो त्याच वर्गातला, आता बत्तिशीचा, कानावर केस पांढरे होऊ लागलेले. त्यानं सरांच्या पायाला हात लावला, विजारीची कुसळं काढू लागला, आणि सरांनी कॅसेटचं नाव काढताच थांबला.

"नाई सर. दुसरं काईबी मागा."

"अरे, ती शाळेची आहे. साहेब येणार आहेत. माझ्या सेवापुस्तकाचा प्रश्न आहे."

"मले समजते, सर. पन दोन सालं झाले, माह्या घरात कापूस आला नाई. तिसऱ्या साली काय होते ते इथंच ठरून राह्यलं." त्यानं माचाणाकडे हात केला. हे सांगताना त्याचा आवाज बाजारभाव सांगावा इतका सपाट होता.

सरांना हे माहीत होतं. गावाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बोंडअळीनं सगळ्यांचंच नेलं. मागच्या वर्षी गावात मोटरसायकलवर एक माणूस आला, त्याच्याकडे बीटीची पाकिटं होती, अगदी दुकानातल्यासारखी, चित्रासकट, फक्त स्वस्त. कडूबानं घेतली. अळीनं चित्र पाहिलं नाही, झाड पाहिलं. यंदा त्यानं पक्क्या बिलावर खरं बियाणं आणलं होतं, आणि बोंडं धरल्यावर रोही आले.

"त्यात अवघड काय?" सर म्हणाले. "गुलाम रसूलकडून तिची नक्कल करून घेऊ. एक तुला, एक शाळेला."

कडूबा हसला. त्या हसण्याला शाळेत असताना छडी बसली असती. "डुप्लिकेट म्हनता, सर?"

तरीही नक्कल केली. गुलाम रसूलकडे दोन खणांची टेप होती. एकातून दुसऱ्यात भरायची. कॅसेट जागची हलवायला कडूबा राजी नव्हता, म्हणून टेप सायकलला बांधून वावरात नेली. नक्कल ऐकायला हुबेहूब होती. कॉम्प्युटरनं ती ऐकली आणि इंग्रजीत नेहमीचं कळवलं. संध्याकाळी तीच माचाणावर लावली, तर रोह्यांनी माना वर केल्या, थोडा वेळ ऐकलं आणि खाली घातल्या. एक तर भोंग्याखाली येऊन चरू लागला. सरांनी दोन्ही हात वर करून त्याला हुसकलं. तो चार पावलं मागं झाला, ते सुद्धा सरांच्या वयाकडे पाहून.

"वरचा बारीक आवाज कटला, सर," गुलाम रसूल म्हणाला. "नक्कल करताना धार जाते. मानसाले नाही समजत. मशीनले समजते आन जनावराले समजते."

"रोह्यालेबी ओरिजनल पाहिजे," कडूबा म्हणाला. "आपल्यालेच कयत नाई."

नक्कल आणखी तीनदा केली. एकदा बॅटरी बदलून, एकदा नवी कोरी कॅसेट आणून, एकदा शुक्रवारी. काही फरक पडला नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की साहेब येतील त्या दिवशी अकरा वाजता कडूबा स्वतः कॅसेट घेऊन शाळेत येईल आणि तासाभरानं परत नेईल. दिवसा रोही तसे कमी येतात.

या तोडीत एक छिद्र होतं आणि ते सरांना दिसत होतं. साहेब बारा कॅसेटी पाहायला नव्हे, जमा करून घ्यायला येणार होते. पण ते छिद्र सरांनी कडूबाला दाखवलं नाही, आणि घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

कौशल्याबाईंनी भिंतीपलीकडून सल्ला दिला. "त्या कडूबाले द्या की डुप्लिकेट. त्याले काय कयते? वरून सारखीच तर दिसते."

"कौशल्याबाई," सर म्हणाले, "हे त्या मोटरसायकलवाल्यानं केलं. मी मास्तर आहे."

"मंग सरकारले द्या डुप्लिकेट," पुष्पाबाई म्हणाल्या. "कपाटात पडून राहीन. कपाटाले थोडंच ऐकू येते?"

हे बोलणं शहाणपणाचं होतं. शहाणपणाचं होतं म्हणूनच सर रात्रभर कूस बदलत राहिले. चौतीस वर्षं त्यांनी सरकारला खोटी हजेरी दिली नव्हती, खोटी रजा दिली नव्हती. एकदा तर जनगणनेच्या वेळी कोणाच्या घरची म्हैस दोनदा मोजली गेली म्हणून स्वतः जाऊन दुरुस्ती करून आले होते, वास्तविक म्हशी मोजायच्याच नव्हत्या. आणि आता जाता जाता, सहीनिशी, खोटी कॅसेट? सकाळी त्यांनी नक्कल खिशात घातली, पण ती कोणाला द्यायची हे ठरलेलं नव्हतं.

तपासणी पंचवीस नोव्हेंबरला झाली. दिवाळी होऊन गेल्यामुळे देव हलले होते आणि कौशल्याबाईंचा टीव्ही प्रयोगशाळेत आला होता. बरोबर कौशल्याबाईही आल्या होत्या. साहेब घाईत होते. त्यांना पुढे दोन शाळा होत्या आणि त्यांपैकी एकीत जेवण होतं. कडूबा अकराच्या ठोक्याला आला. कॅसेट त्यानं फडक्यात बांधून, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून आणली होती.

पहिल्यांदा लावली तर निम्म्यावर गेल्यावर प्रेमबाबूंनी साहेबांसाठी पंखा सुरू केला, वीज दबकली आणि यंत्राचा झोक गेला. दुसऱ्यांदा सुरुवातीपासूनच बिनसलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेव्हा गुलाम रसूल पुढे झाला, त्यानं टेपचं झाकण उघडलं, बारीक पेचकस आत घातला आणि डोळे मिटले. आवाज चालू असताना तो एक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होता.

"काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"धार लावून राह्यलो, साहेब. जितकं कानाले टोचीन तितकं बरोबर."

आवाज टोचू लागला. साहेबांनी कानांत बोटं घातली, कौशल्याबाई बाहेर गेल्या, आणि पडद्याच्या कडेला पट्टे धावू लागले. पाच मिनिटांनी पट्टे थांबले आणि रोमन अक्षरांत ओळ उमटली, दहावी 'ब', हजेरी. खाली नंबर एक. हजर असेल तर एक बटण, नसेल तर दुसरं.

"चाललं," साहेब म्हणाले. "ठीक आहे."

पण सरांना ते ऐकू आलं नाही. नाव समोर आल्यावर ते मोठ्यानं वाचायचं ही चौतीस वर्षांची सवय. ते नावं वाचत आणि बटण दाबत पुढे निघाले. गावात असलेल्याला हजर, पुण्या-सुरतेला गेलेल्याला गैरहजर. कोण कुठं आहे हे त्यांना कोणाला विचारावं लागत नव्हतं.

"तेवीस. कडूबा शेळके."

"हजर, सर," दारातून आवाज आला. कडूबा हात मागे बांधून उभा होता. साहेबही हसले.

मग एकोणतिसावं नाव आलं. तो मुलगा मागच्या पोळ्याआधी गेला होता. कसा गेला हे उंद्रीत मोठ्यानं कोणी सांगत नसे. पाकिटं त्यानंही त्याच मोटरसायकलवाल्याकडून घेतली होती. सरांचं बोट बटणावर थांबलं. मग त्यांनी गैरहजर दाबलं, आणि तिसावं नाव त्यांनी वाचलं नाही.

"चला, नग मोजा," साहेब म्हणाले. प्रेमबाबूंनी अकरा कॅसेटी मोजल्या, टेपमधून बारावी काढली आणि डब्यात टाकली. कडूबाचा हात पुढे आला होता. तो तसाच राहिला.

"साहेब, ते माही..."

"सरकारी आहे," साहेब म्हणाले. त्यांचा सूर वाईट नव्हता, ते फक्त सांगत होते.

कडूबानं हात मागे घेतला. त्यानं सरांकडे पाहिलं, रागानंही नाही. "राहू द्या, सर. तुमच्या कागदाचं हाय," तो म्हणाला आणि फडक्याची घडी घालू लागला.

सरांनी डब्यात हात घातला, सात नंबर काढली आणि कडूबाच्या फडक्यावर ठेवली. मग खिशातली नक्कल डब्यात टाकली, रजिस्टर ओढलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, "ध्वनिफीत क्र. ७ ची मूळ प्रत कडूबा शेळके यांच्या शेतात रोही हाकण्याच्या कामी चालू स्थितीत आहे. सोबत डुप्लिकेट जमा. डुप्लिकेट चालत नाही." आणि सही केली.

प्रेमबाबूंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, अहो सर, तुमी डुप्लिकेट टाकली तं टाकली. लिवलं कायले? बारा नग भरले होते!"

"डुप्लिकेट आहे, म्हणून लिहिलं."

"बाहेकर," साहेब म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. ती ओळ खोडा. नाहीतर मला शेरा मारावा लागेल."

"मारा," सर म्हणाले. ते स्टुलावर बसले. "कडूबा, तू निघ बे आता. अर्धा तास जास्त झाला."

पुढचं सगळं कागदावर घडलं. आक्षेप निघाला, खुलासा मागितला गेला, खुलाशावर खुलासा मागितला गेला. रोही हा वन्यप्राणी असल्यामुळे एक पत्र जंगलखात्याला गेलं, आणि त्यांनी उलट विचारलं की ध्वनिफितीमुळे प्राण्याला इजा झाली काय. सरांनी उत्तर दिलं की प्राणी सुखरूप आहे, शेजारच्या शिवारात असतो. या अवधीत कडूबाचा कापूस घरी आला. पुरता आला नाही, पण आला.

जूनमध्ये प्रेमबाबूंनी सरांना बोलावलं आणि चहा मागवला. सेवापुस्तक उघडं होतं. शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, "शासकीय साहित्यापैकी एक नग वन्यप्राणी हाकण्याकरिता खासगी इसमास दिल्याचे स्वतः मान्य. सक्त ताकीद."

"सर, अजूनबी होते," प्रेमबाबू हळू आवाजात म्हणाले. "कापूस आला आता त्याचा. कॅसेट आनून द्या, मी 'परत मिळाली' म्हनून लिवतो, साहेब हे पान बदलून द्याले तयार हायेत. कोरं करकरीत पुस्तक. कोनाले पत्ता लागनार नाई."

"यंदा पुन्हा पेरलं ना त्यानं?"

"पेरलं तं सगयाईनंच."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. वेतनवाढ, वेतनवाढ, किरकोळ रजा, वेतनवाढ, बदली रद्द, वेतनवाढ. चाळायला फार वेळ लागला नाही. मग त्यांनी ती लाल ओळ पुन्हा एकदा वाचली.

"प्रेमबाबू, या अख्ख्या पुस्तकात मी कोणाच्या उपयोगी पडलो असं दुसरीकडं कुठं लिहिलेलं दिसतं का तुम्हाला?"

प्रेमबाबूंनी उगाच दोन पानं उलटली. "नाई, सर."

"मग राहू द्या ती ओळ," सर म्हणाले, आणि तिच्याखाली सही करून त्यांनी तारीख घातली.